अशी बाई आमच्यात नाही

६ नोव्हेंबर २०२४, कमलनगर

लातूरहून अंक आला. पोस्टमननं दुकानातच टाकला. ह्यांनी खताच्या पोत्यावर बसून आधी माझं नाव शोधलं, मग शटर अर्धं ओढून अंक घरी घेऊन आले. मी चुलीपुढं उभी राहूनच पान उघडलं. 'मोकळा गळा : नेत्रावती हलबर्गे'. नावाखाली संपादकांनी 'सीमाभागातील लेखिका' असं घातलंय. कमलनगर मला कधी सीमेवर वाटलं नाही. आपलं घर आपल्याला कडेला कसं वाटेल? पण असू दे. छापून आलं.

लातूरच्या वाचकांना कळावं म्हणून गोष्टीत मला घरातल्या साध्या गोष्टी समजावून लिहाव्या लागल्या होत्या. आपल्यात लेकरू जन्मलं की थोड्या दिवसांत स्वामी येऊन त्याला इष्टलिंग देतात. ते चांदीच्या डबीत, जन्मभर गळ्यात. पूजेच्या वेळी तळहातावर. माणूस गेलं की तेच त्याच्या हातात देऊन मातीत ठेवायचं. मधे ते सोडायचं नाही. सोडलं तो आपला राहत नाही. माझ्या गोष्टीतल्या बाईचं लेकरू जातं. त्याला पुरून झाल्यावर ती गळ्यातली डबी काढून खुंटीला अडकवते आणि मोकळ्या गळ्यानं पाण्याला जाते, शेताला जाते. स्वामी विचारायला येतात तर म्हणते, "ज्यानं माझं लेकरू सांभाळलं न्हाई, त्याला मी कामून सांभाळू?"

ह्यांनी विचारलं, "तुला हे सुचलं कुठून?"

आत्याबाईंवरून, म्हणजे सासूबाईंवरून सुचलं, पण ते ह्यांना सांगितलं नाही. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीत सासूबाईंची डबी दगडावर पडून उघडली. मी उचलायला वाकले तर त्या ओल्या अंगानं तिच्यावर पालथ्या पडल्या आणि मला "बाहेर हो" म्हणून ओरडल्या. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नाही. केवढी ही भक्ती, मला वाटलं. मग उलटा विचार आला, जिची भक्ती संपली ती बाई काय करत असेल?

जेवताना आत्याबाईंना सांगितलं, माझी गोष्ट छापून आली.

"कशाची हाय?"

"एका बाईची."

"बरं," म्हणाल्या.

९ नोव्हेंबर

दुपारी अंगणात सोनू आजीला माझी गोष्ट वाचून दाखवत होती. माझी लेक सातवीला, कन्नड शाळेत. मराठी वाचते ती हिंदीच्या आधारानं, एकेक अक्षर जोडत. लेकराच्या मरणापर्यंत पोचली होती. मी अंक हिसकावून घेतला. हे पोरीनं वाचायचं नाही, म्हणाले.

"वाचू दे तिला," आत्याबाई म्हणाल्या.

"नको आत्याबाई. मी तोंडानं सांगते नंतर."

त्या तूर निवडत राहिल्या. मग मान खाली ठेवूनच विचारलं, "तिचं लेकरू काय हुतं, पोरगा का पोरगी?"

"ते लिहिलं नाही मी."

"मंजी ठरवली न्हाईस."

"नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. त्यांना लागलं असणार. इतक्या नेमाची बाई, रोज अंघोळ झाली की मागच्या खोलीत दार लावून पूजा करते, आणि घरातल्या सुनेनं लिंग खुंटीला टांगायची गोष्ट लिहावी. माझीच अक्कल. अंक लपवून ठेवायला हवा होता.

१७ नोव्हेंबर

कुणीतरी गोष्टीतल्या एका पानाचा फोटो काढून समाजाच्या ग्रुपवर टाकला. खुंटीचं पान. आधीचं, लेकरू आजारी पडतं ते पान कुणी टाकलं नाही. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते हे मला दाखवत नाहीत. फोन खिशातच ठेवतात.

२१ नोव्हेंबर

मठाचे कारभारी सिद्धलिंगप्पा घरी आले होते. सासऱ्यांचे जुने मित्र. ह्यांना लहानपणी खांद्यावर घेतलेले. आवाज चढवला नाही, उलट मायेनंच बोलले.

"पोरी, लिहिणं वाईट न्हाई. माझी नात बी कविता करती. पण तू हे मराठीत लिहिलीस. कन्नडात लिहिली असतीस तर घरातलं घरात राहिलं असतं. आता लातूरचे सोयरे मला फोन करून विचारायलेत, तुमच्यात बाया लिंग खुंटीला टांगतेत काय म्हणून."

"अप्पा, ती गोष्ट आहे. खरी नाही."

"व्हय ना. मग तेवढंच म्हण. मठात चार लोकांपुढं ये आणि म्हण, हे खोटं हाय, अशी बाई आमच्यात न्हाई. संपलं."

मी म्हणाले, लेकरू गेल्यावर आईला काय वाटतं ते मला लिहायचं होतं.

सिद्धलिंगप्पा म्हणाले, "माझी दोन गेली. लेकरं सगळ्यांचीच जातेत. त्यांच्या आईनं लिंग सोडलं न्हाई, शेवटपर्यंत सोडलं न्हाई. तिच्या तोंडावर तू काय मारलीस, तुला ठाव हाय?"

 

आत्याबाई चहा घेऊन आल्या. निम्मा बशीत सांडला होता. सिद्धलिंगप्पांनी कप हातात घेतला, खाली ठेवला आणि न पिता उठले. ते गेल्यावर हे म्हणाले, "चहा बघितलास ना?" मला वाटलं सांडलेल्या चहाबद्दल बोलतायत. मग कळलं.

२८ नोव्हेंबर

हरभऱ्याच्या फवारणीचे दिवस. एरवी ह्यांना जेवायला फुरसत नसते. आज डबा घेऊन गेले तर दुकानात एकटे बसले होते. रस्त्यापलीकडच्या दुकानात माणसं रांगेत उभी, आणि त्यातले निम्मे आमचे. मला बघून त्यांनी माना वळवल्या. हे म्हणाले, "माझ्या बापाच्या नावानं यायचे लोक."

३ डिसेंबर

अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई आळंदच्या बाजूची, नाव सांगितलं नाही. हळू बोलत होती, कुणी ऐकू नये असं.

"ती गोष्ट तुम्हीच लिहिलाव का?"

"व्हय."

"ती बाई पुढं काय करती? तुम्ही तिला शेतात सोडलाव आणि गोष्ट संपवलाव."

"जगते," मी म्हणाले.

"कशी?"

 मी काही जुळवत होते तेवढ्यात फोन कट झाला. संध्याकाळी तोच नंबर लावला तर कुणा गडीमाणसानं उचलला. मी बंद केला. दिवसभर तिचं "कशी?" डोक्यात आहे. गोष्ट लिहिताना हा प्रश्न मला पडला नव्हता.

६ डिसेंबर

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, ठाम राहा. हा मराठीचा प्रश्न आहे. मी पुढच्या अंकात लिहितो. तुमचा एक फोटो पाठवा, पारंपरिक वेशातला." मी म्हणाले, मराठीचा नाही हो, माझ्या सासूचा आणि नवऱ्याचा प्रश्न आहे. त्यांना ऐकू गेलं नसावं. फोटो पाठवला नाही.

१४ डिसेंबर

चिंताकीहून भावाचा फोन. हावगेप्पाण्णा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, बापामागं बापासारखा. त्याच्या पोरीचं लग्न ठरलंय. आडून आडून बोलत होता. शेवटी म्हणाला, "नेत्रा, साखरपुड्याला जरा… तुमी नंतर या. निवांत." मी बरं म्हणाले. त्यानंही फोन ठेवला नाही आणि मीही नाही. 

आमच्यात बोलणं मराठीत, पूजा कन्नडात, शिव्या उर्दूत, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, गमतीनं म्हणायचे. कुणी विचारलं तुमी कोण, तर सांगायचे, "जेवायला कुणाकडं बसतो ते बघा, तेच आमचे लोक." आज कुणाकडं बसायचं?

१९ डिसेंबर

भांडण झालं. सोनू शाळेत गेल्यावर.

"तुझी ती बाई खरी हाय का खोटी?" ह्यांनी विचारलं.

"खोटी."

"मग खोट्या बाईसाठी खऱ्या माणसांनी कामून मरायचं?"

"मी खोटी म्हणाले तरी…"

"तरी काय? तू तिला बघितलीस? तिच्या घरी गेलतीस?"

 दारात आत्याबाई उभ्या होत्या, भिंतीला धरून. आम्हाला वाटलं आमच्या आवाजानं त्यांना त्रास होतोय. हे म्हणाले, "बघ, अव्वाची काय दशा केलीस." त्या खरंच वाळल्यात. महिन्याभरात ब्लाउज अंगावर लोंबायला लागलाय. मला रागवत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० डिसेंबर, येळवस

सगळ्या सणांत मला हाच आवडायचा. पहाटेपासून भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं डोक्यावर घेऊन शेतात जायचं, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा करायची आणि वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवायला बसवायचं. येळवशीला कुणी नाही म्हणत नाही.

यंदाही दरवर्षीएवढंच केलं. कमी करू म्हणाले तर ह्यांनी ऐकलं नाही. आले तर कमी पडू नये म्हणून.

कुणी आलं नाही. बांधावरून ट्रॅक्टर गेले, माणसांनी भरलेले. ह्यांनी सुरुवातीला हाका मारल्या. मग उभं राहून नुसते बघत राहिले. मग बसले.

शेजारच्या मळ्यातल्या चंद्रभागाबाई आल्या. मराठ्यांच्या. आंबील प्यायल्या, मांडी घालून पोटभर जेवल्या. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "देवाला शिव्या आमी बी देताव, बाई. कागदावर देत न्हाई एवढंच." त्यांचं येणं गोड वाटलं आणि त्यानंच जास्त रडू आलं. आपल्यातलं एकही माणूस नाही.

उरलेली भज्जी घेऊन विहिरीकडं गेले. काठावर किती वेळ उभी होते कळलं नाही. हे मागून आले आणि काही न बोलता हाताला धरून मागं घेतलं. त्यांचाही हात गार होता.

घरी येताना मी म्हणाले, "म्हणते मी. मठात येते."

५ जानेवारी २०२५

झालं.

सिद्धलिंगप्पांनी कागद तयार ठेवला होता, कन्नडात आणि मराठीत. मी दोन्ही वाचले. मी लिहिलेली गोष्ट खोटी आहे. तिच्यामुळं समाजाची बदनामी झाली. इथून पुढं धर्माविषयी लिहिणार नाही. अशी बाई आमच्यात नाही, कधी नव्हती.

आवाज कापला नाही ह्याचं मलाच नवल वाटलं. गोष्ट लिहिताना जेवढं लागलं होतं त्याच्या निम्मंही हे वाचताना लागलं नाही. लाकूड झाले होते.

आत्याबाईंनी यायची गरज नव्हती, तरी आल्या. बायकांच्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा त्यांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. मला वाटलं, चला, त्यांचं समाधान झालं.

नंतर प्रसादाला सगळे एका पंगतीत. सिद्धलिंगप्पांनी स्वतः मला वाढलं. त्यांचे डोळे भरले होते. माणूस वाईट नाही, हेच अवघड आहे.

७ जानेवारी

दुकानात लोक यायला लागले. हे आज शीळ घालत घरी आले. आत्याबाई मात्र मठातून आल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. आता कशाचा राग? सांगितलं ते सगळं केलं की.

९ जानेवारी

कसं लिहू.

दुपारी मी त्यांच्यापुढं बसले आणि म्हणाले, आत्याबाई, आता काय चुकलं माझं? त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सोलतच म्हणाल्या,

"तू म्हणलीस अशी बाई आमच्यात न्हाई."

"म्हणावं लागलं."

"मग मी कुणात हाय?"

मला कळलं नाही. त्यांनी हात पदराला पुसले, गळ्यातली डबी काढली आणि टोपण उघडून माझ्यापुढं धरली. आत काही नव्हतं. आतली चांदी काळी पडली होती. लिंग असतं ती जागा कितीतरी वर्षं कुणी हात न लावल्यासारखी.

"गुरूच्या, तुझ्या नवऱ्याच्या, आदी मला पोरगी झालती," त्या म्हणाल्या. "म्हायेरी, कमठाण्याला. पहिलं बाळंतपण. स्वामी यायचे हुते लिंग द्यायला, गावात पूर आलता, वढा चढलता, त्यास्नी येता आलं न्हाई. तवर ताप आला पोरीला. दोन रात्रीत गेली. माझे मामा म्हणले, लिंग न्हाई झालं, कडंला खड्डा करून टाकू, पूजा नको. मी वली बाळंतीण, मला कोण विचारतंय. फडक्यात गुंडाळताना मी माझं काढले आणि तिच्या हातात दिले. मूठ मिटंना. डबीचा दोरा घेतले आणि मूठ बांधले. कुणाला दिसलं न्हाई. माय बगायली हुती, ती बी काय बोलली न्हाई."

"मग नंतर दुसरं घेतलं नाही?"

"कसं घेऊ? स्वामी विचारतील, पयलं कुठं गेलं. तुझ्या सासऱ्यास्नी इतकंच ठाव, का लेकरू जगलं न्हाई. लिंग न्हाई त्या बाईच्या हातचं कोण खातंय? मी खाऊ घातले. सगळ्यास्नी खाऊ घातले. रोज दार लावून मोकळा हात म्होरं धरून बसताव."

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या. सांगत होत्या, बाजाराचं सांगावं तसं.

"सोनूनं वाचली तवा वाटलं, तुला ठाव झालं. न्हाणीत बघितलीस म्हणून. मग वाटलं, बरं झालं, कुणाला तरी ठाव झालं. पण तुझी बाई रागात काढती. मी रागात न्हाई काढले, नेत्रा. पोरगी मोकळ्या हातानं कशी जाईल? म्हणून दिले."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि तू पोरगा का पोरगी ते लिहिलीच न्हाईस."

१० जानेवारी

झोप नाही. एका ताटात जेवलेय मी ह्या बाईबरोबर, चौदा वर्षं. मला वाटायचं माझ्याकडं नजर आहे.

सकाळी ह्यांना सांगू का, म्हणून विचारलं. "गुरूला न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतंय त्यो थोरला हाय. वाटू दे."

मग मी सुचवलं, दूरच्या मठात जाऊ, तिथं कुणी ओळखत नाही, नवीन लिंग घेऊ. त्यांनी मान हलवली. "दुसरं घेतले तर पोरीजवळचं कुणाचं मग?"

मी पुन्हा म्हणाले, मग तिथली माती आणून डबीत ठेवू. त्या जवळजवळ हसल्या. "माती कामून? माती काय लिंग हाय का? गोष्टीत घाल असलं."

त्यांना भीती एकाच गोष्टीची आहे, आणि ती किती वर्षांची आहे ते आज कळलं. मेल्यावर मातीत ठेवताना डबी उघडतील. सगळ्या गावापुढं, लेकापुढं. "मग मला बी कडंलाच टाकतील. आणि गुरू काय म्हणल?"

"तू आदी माझा हात धर," म्हणाल्या. "कुणी येयच्या आदी मूठ मिट. उघडू देऊ नको."

मी हो म्हणाले. कसं करणार ते मला माहीत नाही. मूठ मिटत नसते, हे त्यांनीच कालच सांगितलं.

१३ जानेवारी

चिंताकीहून साखरपुड्याचं आवतण आलं. आता चालतं म्हणे. हे खूश आहेत. मी पण लाडू करून दिले. आळंदच्या बाईला फोन लावून सांगावं असं फार वाटलं, की अशी बाई आहे, आणि ती कशी जगते तेही आता सांगू शकते. नंबर लावला. ह्या नंबरवर सेवा उपलब्ध नाही म्हणून उत्तर आलं.

मठात शपथ घेतलीय. ही वही शपथेत येते का माहीत नाही.

१९ जानेवारी

बिदरला आत्याबाईंचे डोळे दाखवायचे सांगून दोघी निघालो. बिदरला बस बदलली आणि कमठाण्याला उतरलो. त्यांच्या माहेरचं आता तिथं कुणी नाही. भाऊ वारले, भाचे हैदराबादला. घर विकलेलं. नव्या मालकानं दाराला हिरवा रंग दिलाय. त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

आपली माती द्यायची जागा ओढ्याच्या बाजूला. त्या एवढ्या वर्षांत तिथं एकदाही आलेल्या नाहीत. पोरीला नेलं तेव्हा बाळंतिणीला कोण नेणार? त्यांच्या आईनं नंतर सांगितलं होतं, लिंबाच्या पलीकडं, कडेला. आता तिथं विटांचं कुंपण आहे. कडेचा भाग कुंपणाच्या आत आला का बाहेर राहिला ते कळत नाही. लिंबाची तीन झाडं आहेत, तिन्ही त्यामानानं कोवळी. मी एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारायला निघाले तर त्यांनी पदर धरून मला थांबवलं.

"काय विचारणार हाईस त्याला?"

खरंच, काय विचारणार होते?

कुंपणाला लागून वाळलेल्या गवतात त्या बसल्या. डबी काढली नाही, तळहात पुढं धरला नाही. नुसत्या बसल्या. ऊन तापलं. मी बाटलीतलं पाणी दिलं, ते प्यायल्या. मला वाटत होतं आता रडतील, आणि मी तयार बसले होते. त्या म्हणाल्या, "इथं असो का तिथं. जवळच हाय."

मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चल. सोनू येईल शाळेतून." आज रविवार आहे हे मी सांगितलं नाही.

परतताना बिदरपर्यंत जीप मिळाली. मागं दाटीवाटीनं बसलो. समोर साधारण आत्याबाईंच्याच वयाची एक बाई, मांडीवर वांग्याची पिशवी. बायका बोलतात तसं तिनं सुरू केलं. कुठल्या तुम्ही, ही कोण, सून का, बरी हाय का. आत्याबाई हूं हूं करत होत्या.

"लेकरं किती?" तिनं विचारलं.

माझ्या लग्नापासून हा प्रश्न लोकांनी त्यांना विचारलेला मी कितीदा ऐकलाय. एकच, गुरू, हे उत्तर त्या श्वास न घेता देतात.

"दोन," त्या म्हणाल्या. "थोरली पोरगी."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बाहेर बघत राहिले.

"कुठं दिलाव तिला?"

"इथंच. कमठाण्याला."

"मंजी म्हायेरातच दिलाव की. बरं केलाव." बाईनं पिशवी सारखी केली. "मग येणं-जाणं असंल."

जीप खड्ड्यात आदळली. आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात टेकला आणि तो तसाच राहू दिला.

"आता हाय," त्या म्हणाल्या.